नोंदवहींतील एक फुली

शास्त्रपाठ : मत्तय १:१–१६, लूक १०:२०



उपासनेंत मत्तयाचा पहिला अध्याय वाचावयाचा आला म्हणजे वाचणाऱ्याचा आवाज खालीं बसतो आणि ऐकणाऱ्यांचें लक्ष दाराबाहेर जातें, असें आम्हीं पुष्कळ मंडळ्यांत पाहिलें आहे. नांवामागून नांव, बापामागून लेक. त्यांतलीं निम्मीं नांवें जिभेवर वळतही नाहींत. एका खेड्यांतील वृद्ध उपदेशकानें आम्हांस एकदां सरळच विचारलें कीं, तारणाची सुवार्ता सांगावयास बसलेल्या मत्तयानें आधीं एवढीं नांवें कशासाठीं लिहिलीं? प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचें उत्तरही प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. तें देण्यासाठीं आज आम्ही तुम्हांस इंग्लंडांतील एका खेड्यांत नेणार आहों. तेथील मंडळीच्या एका जुन्या वहींत एक फुली आहे. त्या फुलीशीं आपणां मराठी ख्रिस्ती लोकांचें नातें आहे, आणि आमच्या स्वतःच्या एका पापाशींही तिचा संबंध आहे. तीं दोन्ही आम्ही यथाक्रम सांगूं.

प्रथम ती वही काय आहे तें समजून घ्या. इंग्लंडांत बहुतेक जुन्या खेड्यांत एक दगडी मंदिर असतें, आणि त्या मंदिराकडे नेमून दिलेला गांव व शिवार यास पॅरिश म्हणतात. सन १५३८ च्या सप्टेंबर महिन्यांत आठवा हेन्री राजा याचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशच्या पाळकानें एक वही ठेवावी व तींत प्रत्येक विवाह, प्रत्येक बाप्तिस्मा व प्रत्येक दफन लिहावें. आठवड्यांत जें घडलें असेल तें रविवारीं मंडळीच्या पंचाच्या देखत लिहावें. वही ठेवण्यास दोन कुलुपांची पेटी असावी. एक किल्ली पाळकाजवळ राहावी, दुसरी पंचांजवळ. लिहिण्यांत कसूर झाल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड भरावा. दोन किल्ल्या कां, हें ध्यानांत घ्या. एकट्या पाळकास वही उघडतां येऊं नये, आणि एकट्या पंचासही उघडतां येऊं नये. माणसाचें नांव ही एका मनुष्याच्या मर्जीवर सोडण्याची वस्तु नव्हे, असें त्या कुलुपांनीं सांगितलें.

लोकांस प्रथम भय वाटलें. सरकार नांवें लिहून घेतें तें नवा कर बसविण्यासाठींच, असें ते एकमेकांस म्हणूं लागले. कित्येक पाळकांनीं आळस केला, कित्येकांनीं सुट्या कागदांवर लिहून ते कागद गमाविले. म्हणून सन १५९८ मध्यें, एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत, असें ठरलें कीं, वह्या टिकाऊ चामड्याच्या कराव्या, जुन्या कागदी नोंदी त्यांत उतरून घ्याव्या, आणि दर वर्षीं एक नक्कल बिशपाकडे पाठवावी. पुढें १६४२ नंतर राजा व पार्लमेंट यांची लढाई पेटली, तेव्हां पुष्कळ गांवच्या वह्यांत वर्षेंच्या वर्षें कोरीं राहिलीं. त्या वर्षांतही मुलें जन्मलींच, माणसें मेलींच. पण लिहिणाराचा हात थांबला, आणि तीं माणसें वहीच्या हिशेबीं जणूं झालींच नाहींत. सन १७५४ पासून विवाहाच्या नोंदीखालीं वरानें, वधूनें व दोन साक्षीदारांनीं सही करण्याचा कायदा झाला. ज्यास लिहितां येत नसे तो फुली काढी, आणि तिच्या शेजारीं पाळक त्याचें नांव लिही. सन १८१३ पासून बाप्तिस्मा व दफन यांच्या नोंदी छापील रकान्यांत होऊं लागल्या, व १ जुलै १८३७ पासून सरकारनें जन्म, विवाह व मृत्यु यांची आपली निराळी नोंद सुरू केली. त्यापूर्वींचीं जवळजवळ तीनशें वर्षें, ज्यास शेत नाहीं, मृत्युपत्र नाहीं, कोर्टांत दावा नाहीं, असा गरीब मनुष्य या पृथ्वीवर जगून गेला याचा पुरावा बहुधा पॅरिशच्या त्या एका वहींतच सांपडतो.

आज त्या वह्यांस मोठें मोल आलें आहे. त्यांतील बहुतेक जुन्या वह्या आतां परगण्याच्या अभिलेखागारांत जपून ठेवल्या आहेत. चर्चच्या १९७८ च्या कायद्यानें तशी व्यवस्था लाविली. ज्यांचे पूर्वज शंभर-दोनशें वर्षांपूर्वीं इंग्लंड सोडून अमेरिकेंत, कॅनडांत किंवा ऑस्ट्रेलियांत गेले त्यांचे वंशज त्या वह्या शोधीत येतात. कित्येकांच्या मनांत आशा असते कीं, आपल्या कुळांत कोणी सरदार निघेल. शोधतां शोधतां सांपडतो तो नांगऱ्या, विणकर, धुणें धुणारी विधवा. ते पूर्वज सांपडले म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांस पाणी येतें. सरदार सांपडला असता तर कदाचित् आलें नसतें.

या वह्यांपासून पहिली गोष्ट ही शिकावी कीं, त्यांत उंच व नीच एकाच पानावर आहेत. जमीनदाराचें दफन ज्या शाईनें लिहिलें त्याच शाईनें त्याच्या मजुराच्या लेकराचें लिहिलें. मंदिरांत जमीनदाराचें बाक पुढें होतें व मजुराचें मागें होतें. थडग्यावर एकास संगमरवर मिळाला व दुसऱ्यास नुसतें गवत. पण वहींत दोघांस एक एक ओळ. हें आम्ही फार गोड करून सांगत नाहीं. त्या वह्यांतही मनुष्याचा कठोरपणा उतरला आहे. सन १७८३ मध्यें सरकारनें प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर बसविला, व कंगालांस तो माफ केला. म्हणून त्या वर्षांच्या कांहीं वह्यांत गरिबांच्या नांवापुढें कंगाल अशी खूण दिसते. तो कर १७९४ मध्यें उठला, खूण मात्र राहिली. लग्नावांचून झालेल्या बालकाच्या नांवापुढें पाळकानें कडू शब्द लिहिलेले आढळतात. तें बालक तर पाण्याच्या पात्राशीं निजलेलें होतें, त्याचा काय अपराध? कित्येक जुन्या बाप्तिस्म्यांच्या नोंदींत बापाचें नांव आहे आणि आईचें नाहीं, जणूं बाप एकटाच बाळंत झाला. कोठें कोठें दफनाच्या नोंदींत केवळ एवढेंच आहे कीं, वाटेवर मेलेली एक परकी बाई. पण बंधूंनो, विचार करा. जिचें नांवही कोणास ठाऊक नव्हतें तिलासुद्धां एक ओळ दिली. कोणीतरी रविवारीं पेटी उघडून, लेखणी शाईंत बुडवून, तिच्यासाठीं हात चालविला.

दुसरी गोष्ट त्या फुलीची आहे. नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत पॉलर्सप्युरी नांवाचें एक खेडें आहे. तेथें एडमंड केरी या विणकराच्या घरीं १७ ऑगस्ट १७६१ रोजीं एक मुलगा जन्मला. त्याचें नांव विल्यम. मुलगा सहा वर्षांचा असतां एडमंडास गांवच्या शाळेचा मास्तर व पॅरिशचा क्लार्क हीं दोन कामें मिळालीं. मुलाच्या आजानेंही पूर्वीं हींच कामें केलीं होतीं. पॅरिशचा क्लार्क म्हणजे उपासनेंत मंडळीच्या वतीनें उत्तरें म्हणणारा, मंदिराच्या लहानसहान कामांस उभा राहणारा, आणि पुष्कळ गांवीं नोंदींच्या कामांत पाळकास हात देणारा मनुष्य. आपल्या जुन्या मिशनच्या खेड्यांत उपदेशक व शाळामास्तर एकच असे. दिवसा पाटीवर अक्षर गिरवून घेई व संध्याकाळीं प्रार्थना चालवी. एडमंड केरी हा तशाच जातीचा मनुष्य होता असें समजा. पगार थोडा, मान थोडा, काम न संपणारें.

विल्यमास ऊन सोसत नसे. अंगास विकार होई. म्हणून शेताचें काम सुटलें, आणि सुमारें चौदाव्या वर्षीं त्यास त्याच परगण्यांतील पिडिंग्टन गांवीं जोडे शिवणाऱ्याच्या हाताखालीं ठेविलें. होय, जोडे शिवणाऱ्याच्या. चामडें, आरी, दोरा व रांपी यांच्या संगतींत तो वाढला. आपल्या देशांत त्या धंद्याच्या माणसास कोणत्या दाराशीं उभें करीत हें तुम्हांस सांगावयास नको. इंग्लंडांतही तो धंदा मानाचा नव्हता.

पिडिंग्टनच्या मंदिरांत १० जून १७८१ रोजीं विल्यम केरी व डोरोथी प्लॅकेट यांचा विवाह झाला. वर अजून वीस वर्षांचाही नव्हता. वधू त्याच्याहून पांच वर्षांनीं मोठी होती. तिच्या माहेरचीं माणसें सरकारी चर्चपासून वेगळ्या झालेल्या एका लहान मंडळीचीं होतीं. परंतु त्या काळीं क्वेकर व यहुदी यांखेरीज सर्वांस पॅरिशच्या मंदिरांतच विवाह करावा लागे. पाळकानें वही पुढें केली. विल्यमानें आपलें नांव लिहिलें. डोरोथीनें लेखणी हातांत घेतली आणि फुली काढली. तिला लिहितां येत नव्हतें.

आपल्याकडील जुन्या दस्तऐवजांत कुणब्याच्या सहीच्या जागीं निशाणी नांगर असें लिहिलेलें असे, आणि पुढें डाव्या हाताचा अंगठा आला. तुमच्यापैकीं कित्येकांच्या आजीपणजींनीं मंडळीच्या वहींत असाच अंगठा उमटविला आहे. तर मग त्या पानाकडे परक्या नजरेनें पाहूं नका. ती फुली आपल्या घरचीच आहे.

पुढें काय झालें तें ऐका. त्या जोडप्याची पहिली मुलगी लहानपणींच गेली. विल्यमानें आरीशेजारीं पुस्तक ठेवून लॅटिन, ग्रीक व इब्री या भाषा शिकल्या. ५ ऑक्टोबर १७८३ रोजीं नॉर्थॅम्प्टन येथें नेन नदींत त्याचा बाप्तिस्मा झाला. एका गरीब जोडे शिवणाऱ्याचा बाप्तिस्मा म्हणून त्या दिवशीं कोणास त्याचें विशेष वाटलें नसावें. सन १७९२ मध्यें त्यानें जगांतील लोकांस सुवार्ता सांगण्याच्या कर्तव्याविषयीं एक लहान पुस्तक छापिलें. त्या पुस्तकांत पानेंच्या पानें रकाने आहेत : देशाचें नांव, लांबी, रुंदी, लोकसंख्या, धर्म. पॅरिशच्या क्लार्काच्या घरीं वाढलेल्या मुलानें सगळ्या पृथ्वीची नोंदवही घातली, असें तें पुस्तक पाहतां आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. गांवच्या वहींत जसा एकही जीव गाळावयाचा नाहीं, तसा पृथ्वीच्या वहींतही एक देश गाळावयाचा नाहीं.

१७९३ च्या जूनमध्यें तें कुटुंब जहाजांत बसलें. डोरोथीची जाण्याची इच्छा नव्हती. नुकतीच ती बाळंत झाली होती, पदरीं तान्हें मूल होतें. बहीण बरोबर येईल तर येतें, असें म्हणून ती निघाली. बंगाल्यांत पोंचल्यावर दारिद्र्य, ताप व हगवण यांनीं गांठलें. सन १७९४ मध्यें पीटर नांवाचा पांच वर्षांचा मुलगा मेला, आणि जातीच्या भयानें त्याची कबर खणावयास व प्रेत उचलावयास माणसें मिळेनात. ज्यांच्या वाडवडिलांनीं आपलें प्रेत आपणच उचललें त्यांस हें दुःख समजावून सांगावें लागत नाहीं. त्यानंतर डोरोथीचें मन ढळलें तें पुनः ठिकाणावर आलें नाहीं. बारा वर्षांहून अधिक काळ ती त्या अंधारांत राहिली, आणि ८ डिसेंबर १८०७ रोजीं मरण पावली.

त्याच वर्षांत त्याच घरांत भाषांतराचें काम चाललें होतें. बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें, जें हुगळी नदीच्या कांठीं आहे, केरी व त्याचे सोबती छापखाना चालवीत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत केरी बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीही शिकवी, आणि वैजनाथ पंडितांचें साह्य त्यास होतें. सन १८०५ मध्यें त्यानें मराठीचें व्याकरण छापिलें, १८१० मध्यें मराठी कोश, आणि १८११ मध्यें मराठी नवा करार. त्या भाषांतरांत उणिवा पुष्कळ होत्या, व पुढच्या लोकांस तें काम पुनः करावें लागलें. परंतु आपल्या भाषेंत ख्रिस्ताचीं वचनें ग्रंथरूपानें उतरविण्याच्या त्या आरंभाच्या श्रमांवर ज्याचें नांव आहे, त्याच्याच सहीशेजारीं पिडिंग्टनच्या वहींत ती फुली आहे. हेंच तें नातें.

मिशनचा इतिहास लिहिणारांनीं केरीचें नांव मोठ्या अक्षरांत लिहिलें, आणि तें योग्यच आहे. डोरोथीविषयीं मात्र कित्येकांनीं असें लिहिलें कीं, ती त्याच्या कामास शोभणारी नव्हती. आम्ही त्यांचा न्याय करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, पिडिंग्टनच्या वहीनें तसें लिहिलें नाहीं. त्या वहीनें दोघांस एकाच पानावर, एकाच नोंदींत ठेविलें : इकडे अक्षर, तिकडे फुली. मराठी नवा करार ज्या घरांतून आला त्या घराची किंमत एकट्या अक्षरानें दिली नाहीं. फुलीनेंही दिली, आणि तिनें अधिक दिली असें आम्हांस वाटतें. कारण जो समजून देतो त्यास देण्याचा आनंद तरी मिळतो, तिला तोही मिळाला नाहीं.

आतां मत्तयाकडे परत या. प्रभूच्या वंशावळींत मत्तयानें मरीयेखेरीज चार स्त्रिया घेतल्या आहेत. सारा घेतली नाहीं, रिबका घेतली नाहीं, राहेल घेतली नाहीं. घेतल्या त्या तामार, राहाब, रूथ, आणि चौथीचें तर नांवही न घेतां उरीयाची बायको म्हणून तिचा उल्लेख केला आहे. एकीची लाजेची कथा, दुसरी वेश्या, तिसरी परजातीची विधवा, चौथीच्या नांवाशीं राजाचें पाप बांधलेलें. वंशावळ सजविणारा मनुष्य या चौघींस आधीं गाळता. मत्तयानें त्यांस गाळलें नाहीं, कारण ज्याची ती वंशावळ आहे तो पाप्यांस शोधावयास आला. आमच्या वृद्ध उपदेशकाच्या प्रश्नाचें उत्तर हेंच. तीं नांवें सुवार्तेच्या आधीं नाहींत. तीं नांवेंच सुवार्ता आहेत.

तरी सावध असावें. वंशावळ हें दुधारी शस्त्र आहे. एज्राच्या दुसऱ्या अध्यायांत अशा कांहीं याजकांविषयीं लिहिलें आहे कीं, त्यांस आपलें नांव वंशाच्या यादींत सांपडलें नाहीं, आणि त्यांस याजकपणांतून बाहेर काढिलें. पौलानें तीमथ्यास पहिल्याच पत्राच्या आरंभीं बजाविलें कीं, अंत नसलेल्या वंशावळींच्या नादीं लोकांनीं लागूं नये. आपल्या देशांत क्षेत्राच्या उपाध्यायांच्या वह्यांत कुळाचीं नांवें पिढ्यान् पिढ्या लिहिलेलीं आहेत. ज्यांस क्षेत्रास जाण्याचें व दक्षिणा देण्याचें सामर्थ्य होतें त्यांचीं. आपल्यांपैकीं पुष्कळांचे आजेपणजे कोणत्याच वहींत नाहींत. म्हणून आतां दोन पापें आपल्या मंडळ्यांत शिरूं पाहतात. कांहीं लोक आपले पूर्वज कोण होते हें विचारलें म्हणजे खालीं मान घालतात, व मुलांसही सांगत नाहींत. दुसरे कांहीं, चार पैसे झाल्यावर, नसलेलें उंच कुळ लावून सांगतात. एक लाजेनें खोटें, दुसरें गर्वानें खोटें. बंधूंनो, ज्या प्रभूनें राहाबेस आपल्या वंशावळींतून काढलें नाहीं, त्याच्यापुढें तुमच्या आजीस लपविण्याचें कारण काय?

तिसरी गोष्ट सांगण्यापूर्वीं आम्हांस आपलें पाप सांगितलें पाहिजे.

आम्ही प्रथम पाळक झालों तेव्हां आमच्याकडे सहा गांवें होतीं. एका पावसाळ्यांत त्यांतल्या एका गांवीं तापानें चार वर्षांचा मुलगा गेला. बाप आधींच वारला होता. आम्हीं चिखलांतून जाऊन त्याचें दफन केलें, तारीख व नांव एका चिठ्ठीवर टिपून घेतलें, आणि भिजत परत आलों. वहींत उद्यां लिहूं म्हटलें. उद्यां दुसरें काम निघालें. चिठ्ठी भिजून गेली, आणि ती नोंद झाली नाहीं. वही स्वच्छ दिसत होती, म्हणून कोणी विचारलेंही नाहीं.

सात वर्षांनीं त्या मुलाची आई आमच्या घरीं आली. ती दुसऱ्या गांवीं ऊसतोडीस जाणार होती. ती म्हणाली, "पाळकसाहेब, जायच्या आधी माझ्या लेकराचं नाव तेवढं बुकातून वाचून दावा. मला वाचता येत न्हाई, पण कानानं ऐकते." आम्हीं कपाटांतून वही काढली व पान उलटलें. नांव नव्हतें. ती आमच्या बोटाकडे पाहत होती. आणि आम्हीं, ज्यांनीं सेमिनरींत चार वर्षें शास्त्र शिकलें, एका दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवून तिच्या मुलाचें नांव वाचलें. तिनें त्या ओळीवरून हात फिरविला, पदरानें डोळे पुसले आणि ती गेली.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, हें सांगण्यांत कांहीं मोठेपणा नाहीं. तिच्या हातानें दुसऱ्याच्या लेकराच्या नांवावरून हात फिरविला होता, आणि आम्हीं तो फिरवूं दिला होता. तिसऱ्या दिवशीं वही पिशवींत घालून आम्ही तिच्या झोंपडीशीं गेलों. बोचकीं बांधलेलीं होतीं. आम्ही म्हणालों, "मावशी, आम्ही खोटं बोललों. नांव लिहिलेलं नव्हतं." ती पुष्कळ वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "मग आता लिवा. मी बसते हितं." तिला तारीख ठाऊक नव्हती; पण बेंदराच्या आदल्या दिवशीं मूल गेलें हें ठाऊक होतें, आणि त्यावरून तारीख निघाली. आम्हीं नोंद लिहिली. ती सात वर्षें उशिरां कां लिहिली हेंही खालीं लिहिलें, व दोष कोणाचा तेंही लिहिलें. मग तिला म्हणालों, साक्ष म्हणून अंगठा कर. शाईची गादी आणली नव्हती. तिनें आमची लेखणी घेतली, मुठींत धरली, आणि एक आडवी व एक उभी रेघ ओढली.

त्या वेळीं पिडिंग्टनची ती वही आम्हांस आठवली. म्हणून आज हें सर्व आम्ही लिहीत आहों.

तर, उपदेशक बंधूंनो, तिसरी गोष्ट तुमच्यासाठीं व आमच्यासाठीं आहे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायांत पौल पुष्कळांस सलाम सांगतो, आणि मध्येंच दुसऱ्याच एका मनुष्याचा सलाम येतो. तो तर्तियाचा. तें पत्र त्यानें आपल्या हातानें लिहून घेतलें. एवढ्या मोठ्या पत्रांत त्याचें स्वतःचें वाक्य एक. परंतु त्याचा हात आळसावला असता तर काय झालें असतें? नोंद लिहिणें हें कारकुनाचें काम आहे, उपदेशकाचें नव्हे, असें म्हणूं नका. ती रविवारच्या उपदेशाइतकीच सेवा आहे. आणि उपदेश संध्याकाळपर्यंत विसरला जाईल, पण ती ओळ दोनशें वर्षें राहील.

म्हणून आमची विनंती अशी. ज्या दिवशीं बाप्तिस्मा, विवाह किंवा दफन होईल त्याच दिवशीं, दिवा लावून कां होईना, नोंद करा. चिठ्ठीवर भरंवसा ठेवूं नका. बापाबरोबर आईचें नांव पूर्ण लिहा. मजुरी करणाराची नोंद पंचाच्या नोंदीइतकीच सुवाच्य करा. ज्या मुलाचा बाप पुढें येत नाहीं त्याच्या नांवापुढें कडू शब्द लिहूं नका. मूल देवाचें आहे. ज्यास लिहितां येत नाहीं त्याचा अंगठा घेतांना त्यास लाजवूं नका, आणि काय लिहिलें तें मोठ्यानें वाचून दाखवा, खरें तेंच वाचून दाखवा. वाळवी व पावसाळा यांपासून वही जपा. दोन किल्ल्यांची पेटी नसली तरी दोघांच्या माहितीची जागा असूं द्या. आणि ज्या नोंदी राहून गेल्या असतील त्या, म्हातारीं माणसें जिवंत आहेत तोंवर, त्यांच्या ओसरीवर बसून विचारून घ्या; उशिरां लिहिल्या हें लपवूं नका.

मंडळीच्या सभासदांनो, तुम्हीही मुलांस आजापणजाचीं नांवें सांगा. ते कोणत्या गांवचे, काय काम करीत, कोणीं त्यांस प्रथम सुवार्ता सांगितली, त्या दिवशीं त्यांस विहिरीवरून कोणीं हाकललें, आणि तरी ते कसे उभे राहिले, हें सांगा. गर्वासाठीं नको, लाजेनेंही नको, उपकारस्तुतीसाठीं सांगा.

शेवटीं एक शब्द, ज्यांचीं नांवें कोठेंच नाहींत त्यांच्यासाठीं. वही तारीत नाहीं. पिडिंग्टनच्या वहींत नांव आहे म्हणून कोणी स्वर्गांत गेला नाहीं, आणि आमच्या वहींत सात वर्षें नव्हतें म्हणून तें लेकरूं प्रभूच्या हातून हरवलें नाहीं. सत्तर शिष्य आनंदानें परत आले तेव्हां प्रभूनें त्यांस सांगितलें कीं, भुतें वश होतात यांत आनंद मानण्यापेक्षां तुमचीं नांवें स्वर्गांत लिहिलेलीं आहेत यांत आनंद माना. त्या वहीची किल्ली एकाच्याच हातांत आहे, आणि त्या हातावर खिळ्यांची खूण आहे. तेथें कोणी चिठ्ठी हरवीत नाहीं, कोणी उद्यांवर टाकीत नाहीं, कोणी खोट्या ओळीवर बोट ठेवीत नाहीं. जिला आपलें नांव लिहितां आलें नाहीं, आणि पुढें जिला आपली शुद्धही राहिली नाहीं, तिचें नांव तो विसरला नाहीं. ज्या आईनें मुठींत लेखणी धरून दोन रेघा ओढल्या तिचेंही तो विसरणार नाहीं.

तोंवर इकडची वही आपल्या हातीं दिली आहे. ती त्या वहीची लहानशी सावली आहे. सावली तरी खरी पडूं द्या.

प्रभूची कृपा तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.